पिवळ्या रेषेच्या अलीकडे

"सासर कडक आहे, मास्तर."

वर्कशॉपच्या दारात उभं राहून फादर असं म्हणायचे. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटातली अंगठी गोल गोल फिरवत असायचा. समोरून कुणाला ते दिसत नसे. मी चहाचे कप घेऊन नेहमी मागून यायचो, म्हणून मला दिसायचं.

आमची आयटीआय नाशिकरोडला. ख्रिस्ती फादर लोकांच्या एका संस्थेची. मी तिथं टर्नर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो, म्हणजे मुलांना लेथ मशीन, धातू फिरवून कातायचं यंत्र, चालवायला शिकवायचो. त्याआधी सातपूरला एका कारखान्यात चौदा वर्षं लेथवरच उभा होतो. फादर आमचे प्राचार्य. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आणि फादर म्हटलं की आमच्याकडं आजही तेच समजतात.

आता अंगठीचं सांगतो. सगळेच फादर अंगठी घालतात असं नाही. बहुतेक घालतच नाहीत. पण ह्यांच्या संस्थेत शेवटची, जन्मभराची व्रतं घेतली की एक चांदीची अंगठी देतात. वर बारीक क्रूस कोरलेला. लग्न नाही, पैसा नाही आणि वरिष्ठांची आज्ञा मोडायची नाही, अशी ती तीन व्रतं. पहिल्या दोन व्रतांचा फादरांना कधी त्रास झाला असं मला वाटत नाही. तिसऱ्यानं मात्र त्या माणसाला पार जेरीला आणलं.

ते नवीन आले त्याच दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो होतो. माझ्या वर्कशॉपमध्ये जमिनीवर एक पिवळी रेष होती. रेषेच्या पलीकडं मशीन. दाराशी भिंतीला खिळ्यांची एक फळी. घड्याळ, कडं, गंडा, अंगठी, जे काय अंगावर असेल ते खिळ्याला लटकवायचं आणि मगच रेष ओलांडायची. माझं स्वतःचं घड्याळ पहिल्या खिळ्याला असायचं. लेथच्या चकात, म्हणजे तुकडा धरणाऱ्या फिरत्या जबड्यात, अंगठी अडकून बोट गेलेला माणूस मी पाहिलाय, त्यामुळं ह्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्या दिवशी पाठमोरा होतो. वळून पाहतो तर एक उंच, सावळा माणूस सरळ लेथकडं चाललेला, आणि बोटात अंगठी.

"ओ! अंगठी! मागं व्हा आधी!"

माणूस दोन्ही पायांनी एकदम मागं उडाला. लिपिक धावत आला, "मास्तर, अहो हे नवे प्राचार्य!" मी काय बोलणार? म्हटलं, "प्राचार्य असू द्या, मशीनला काय कळतंय?" फादर खो खो हसले. म्हणाले, "बरोबर आहे. मशीनला सगळे सारखे."

"मग काढून ठेवा आणि या की."

त्यांनी मान हलवली.

"निघत नाही का? साबण लावून निघेल."

"निघते हो. सैल आहे. म्हणूनच काढत नाही."

तेव्हा मला वाटलं, बाबाजी जरा विक्षिप्त दिसतात. पुढची सहा वर्षं ते रोज येऊन त्या रेषेच्या अलीकडं उभे राहिले, पण पाऊल पलीकडं टाकलं नाही.

एकदा लासलगावहून मार्केट यार्डातले एक मापारी पुतण्याच्या ॲडमिशनला आले होते. पांढरी टोपी, मोकळा माणूस. त्यांचं लक्ष अंगठीवर. फॉर्म भरून झाल्यावर विचारलंच, "फादर, मिसेस कुठं असत्यात?"

"लग्न नाही झालं."

"मंग साखरपुडा मोडला का काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फादर शांतपणे म्हणाले, "काका, मी घरजावई आहे. संस्थेनं अंगठी घातली, आता तिथंच राहायचं, सांगतील ते काम करायचं."

मापारीकाकांनी जरा विचार केला आणि हळहळून म्हणाले, "लय अवघड हाय मंग तुमचं." फादर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. एवढं खरं त्यांना कुणी तोंडावर बोललं नसावं.

कारण त्यांचं खरंच अवघड होतं. त्यांचे वडील नगरकडं एका साखर कारखान्यात फिटर. पोरगा त्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्येच लहानाचा मोठा झाला, टर्नरचा कोर्स करून दोन वर्षं लेथवर काम केलं आणि मग फादर व्हायला गेला. संस्था आयटीआय चालवते, गरिबाच्या मुलांना हाताचं काम शिकवते, म्हणून तर हीच संस्था निवडली. वाटलं, देवाचंही होईल आणि मशीनचंही. आणि झालं काय? अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, माणूस प्रामाणिक, बसवलं खुर्चीवर. आधी एका शाळेत, मग दुसऱ्या शाळेत, मग आमच्याकडं. फाइली, इन्स्पेक्शन, मान्यतेची पत्रं. त्यांच्या ऑफिसची खिडकी नेमकी वर्कशॉपकडं उघडायची, हा तर सरळ छळ होता.

माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. "मास्तर, तीन नंबर ओरडतोय. टूल बोथट झालंय बघा." जाऊन बघावं तर खरंच झालेलं असायचं. चाळीस पावलांवर बसून, पंखा चालू, समोर सरकारी माणूस बसलेला, आणि कान इकडं.

मुंबईला त्यांचे मोठे फादर असतात. बदल्या, नेमणुका सगळं तेच ठरवतात. फादरांनी त्यांना चारदा पत्र लिहिलं, की मला प्राचार्यपद नको, साधा इन्स्ट्रक्टर करा, कुठल्याही खेड्यात टाका, पण मशीनवर टाका. चारही वेळा उत्तर आलं, अतिशय प्रेमळ, की आपली गरज जिथं आहे तिथंच आपण आहात. चौथं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. माझं डोकंच फिरलं.

"द्या राजीनामा फेकून! अंबडला तो तुमचा भाचा बोलावतोय ना?"

भाचा म्हणजे सख्खा नाही. त्यांच्या आधीच्या शाळेतला एक विद्यार्थी, आता अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप. तो दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, "फादर, सोडा हे. माझ्याकडं या, जुनी लेथ पडून आहे, चालवणारा हात मिळत नाही." फादर हसून टाळायचे. पण एकदा त्यांनी हळूच विचारलेलं मी ऐकलं होतं, "बेड किती फुटी आहे रे तिचा?"

"मास्तर, नोकरीचा राजीनामा देता येतो," फादर मला म्हणाले. "हे लेक सासरी दिल्यासारखं आहे. चोपन्नाव्या वर्षी सासर सोडून आलेल्या बाईला माहेर तरी कुठं राहिलेलं असतं?" आणि अंगठा सुरूच.

मी म्हटलं, निदान अर्धा तास काढून ठेवा, कुणी नसताना एखादा जॉब मारा, मन मोकळं होईल. तेव्हा ते बोलले ते माझ्या लक्षात राहिलंय. "एकदा काढली आणि मशीनवर उभा राहिलो, तर परत घालीन की नाही मला खात्री नाही. म्हणून रेषेच्या अलीकडंच बरा."

अशी सहा वर्षं गेली. मग ती दिवाळी आली.

पाडव्याच्या सकाळी हॉस्टेलच्या विहिरीचा पंप बंद पडला. आतलं बुश झिजून गेलं होतं. बुश म्हणजे दांडा फिरतो ती धातूची बांगडी. सणाचं एकही दुकान उघडं नाही, तिकडं सिस्टर लोकांच्या घरात प्यायला पाणी नाही. मी निफाडला बहिणीकडं निघायच्या तयारीत होतो, शिपायानं बोलावलं म्हणून आलो. माझा उजवा खांदा त्या दिवसांत धरलेला, हात वर जाईना. मी फादरांना म्हटलं, "मला जमणार नाही. तुम्हीच लेथवर नवं काढा."

ते फळीपुढं उभे राहिले. किती वेळ, काय सांगू. मला वाटलं प्रार्थना करतायत. मग अंगठी काढली, माझ्या घड्याळाशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि रेष ओलांडली.

अहो, तो माणूसच वेगळा! बाह्या वर, चष्मा कपाळावर. गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या धातूचा, तुकडा चकात धरला, मशीन सुरू केलं आणि सोनेरी किस उडायला लागला तसे ते बोलायला लागले, ते पण आपल्या गावच्या बोलीत. "लय दिवसांनी, मास्तर, लय दिवसांनी! हात इसरला नाय बघा!" सहा वर्षांत शुद्ध पुस्तकी मराठीशिवाय त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं. बुश असं उतरलं की दांड्यावर नुसतं ठेवलं तर आपोआप सरकत बसावं. मी मोजून पाहिलं, नावाला फरक नाही. त्यांनी आणखी एक काढलं. गरज नव्हती. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "असू द्या हो, स्पेअर."

तेवढ्यात शिपाई ओरडत आला, पंपवाला थांबलाय. फादर दोन्ही बुशं घेऊन विहिरीकडं पळाले. मी वर्कशॉप बंद करायला लागलो, तर खिळ्याला अंगठी तशीच. विहिरीशी घेऊन गेलो. ते ग्रीसमध्ये कोपरापर्यंत. म्हणाले, "हात खराब आहेत, राहू द्या तुमच्याकडं." मी खिशात टाकली. आणि बायकोचा फोन आला की स्टँडवर ही गर्दी आहे, येताय का जाऊ मी एकटी? घाईत तसाच निघालो. अंगठी खिशात राहून गेली.

संध्याकाळी बहिणीच्या घरी शर्ट काढताना लक्षात आलं. लगेच फोन लावला. "फादर, घोटाळा झाला, अंगठी माझ्याकडंच."

त्यांनी आधी पंप चालू झाल्याचं सांगितलं. मग, "घाई नाही, मास्तर. सुट्टी संपल्यावर आणा. अजिबात घाई नाही."

मी निवांत झोपलो.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारनंतर, ओवाळणी होऊन जेवायला बसतोय तोच शिपायाचा फोन. "मास्तर, कळलं का? फादर चालले."

"कुठं?"

"लगीन करायला."

झालं होतं असं, की पाडव्याच्या संध्याकाळीच मुंबईचे मोठे फादर नाशिकला आले होते. भाऊबीजेच्या सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरांनी हात वर केले आणि सगळ्यांना बोट दिसलं. अंगठी नाही, नुसता पांढरा वळ. सिस्टरांनी पाहिलं, म्हाताऱ्या बायकांनी पाहिलं, मोठ्या फादरांनी तर सगळ्यांत आधी पाहिलं. आमच्याकडं अंगठी नसलेल्या बोटाचा दुसरा अर्थच नाही. मोठ्या फादरांनी विचारलं, "काही ठरवलंयत का?" फादर म्हणाले, "उद्या संध्याकाळी सांगतो." आणि बाहेर निघून गेले ते अजून परतले नव्हते.

"अरे येड्या," मी शिपायावर खेकसलो, "अंगठी माझ्या खिशात आहे!"

पण फोन ठेवला आणि पानावरून उठलो. माझ्या एका विसराळूपणापायी देवमाणसाचं नाव खराब होत होतं. भिडस्त माणूस, स्वतःहून काही सांगणार नाही. बहीण म्हणाली, "दादा, दोन दिवस तरी राहा." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली, उभ्यानं आलो, आणि नाशिकरोडला फाटकापासून ऑफिसपर्यंत अक्षरशः पळत गेलो.

फादर खुर्चीत बसले होते. चेहरा झोप झालेल्या माणसासारखा ताजा. मी अंगठी टेबलावर ठेवली. "फादर, माफ करा. माझी चूक."

त्यांनी अंगठीकडं पाहिलं. उचलली नाही.

"मास्तर, लवकर आलात," ते म्हणाले. "मोठ्या फादरांशी संध्याकाळी बोलायचं ठरलंय. तोवर तुमच्याच खिशात राहू द्या. आजचा एक दिवस."

आता हे ऐकून शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. मी? मला वाटलं, ह्यांना संकोच वाटतोय. मशीनसाठी अंगठी काढली हे मोठ्या फादरांना कसं सांगायचं म्हणून अडलंय. म्हटलं, ह्यांच्यासाठी आपण बोलायचं नाही तर कुणी? मोठे फादर शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. मी तिथूनच दार ढकललं आणि हात जोडून उभा राहिलो.

सगळं सांगितलं. पंप, बुश, खांदा, निफाड. मग सांगून थांबायचं की नाही? तर तेही नाही. मी म्हटलं, "ह्यांच्या मनात सोडून जायचं कधी येणारच नाही. सहा वर्षं मी ह्यांना रोज पाहतोय. माझ्या दोन्ही पोरांची शपथ घेऊन सांगतो."

मोठे फादर हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं. चष्मा काढून डोळे पुसले. "अरे देवा! आणि आम्ही कालपासून काय काय विचार करत बसलो!" उठून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी वळून पाहिलं. फादर दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्याकडं पाहिलं, मोठ्या फादरांकडं पाहिलं. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मागं गेले, आणि परत आले तेव्हा अंगठी बोटात होती.

"उपकार झाले, मास्तर," ते म्हणाले.

मी खुशीत घरी गेलो. बायकोला निफाडला फोन करून म्हटलं, आज एक चांगलं काम केलं.

जूनमध्ये त्यांची बदली झाली. मुंबईला, मोठ्या फादरांच्या ऑफिसात, कागदपत्रं सांभाळायला. तिथं आसपास मशीन म्हणावं तर लिफ्टसुद्धा नाही, तेच सांगत होते. निघताना सगळ्यांशी हात मिळवले. माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, पोरांची शपथ नव्हती घ्यायची."

मला वाटलं, त्यांच्या धर्मात शपथ घेत नसतील. म्हटलं, "चुकलं फादर. पुन्हा नाही घेणार." ते हसले आणि रिक्षात बसले. त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. फोन दोनदा केला, मीटिंगमध्ये होते.

मी गेल्या वर्षी रिटायर झालो. मुलाच्या कामासाठी अंबडला गेलो होतो, तेव्हा त्या भाच्याच्या वर्कशॉपवर पाटी दिसली म्हणून सहज आत शिरलो. त्यानं ओळखलं, चहा मागवला. कोपऱ्यात एक जुनी लेथ होती, कापडानं झाकलेली. मी विचारायच्या आधी तोच बोलला.

"ही फादरांची. म्हणजे होणार होती. त्या दिवाळीत भाऊबीजेला आले ना ते, कामगार सुट्टीवर, मी एकटाच. चार-पाच तास चालवली. घामानं ओले झालेले, पण थांबेनात. जाताना म्हणाले, येतो मी. कायमचा. फक्त अंगठी तेवढी मास्तरांबरोबर निफाडला गेलीय. ती आली की मोठ्या फादरांच्या हातात द्यायची, सांगून-सवरून निघायचं. काढून पळालो असं नको व्हायला. मी दुसऱ्या दिवशी मशीनला ऑइलिंग केलं, पुसून ठेवलं. परवाही आले नाहीत, तेरवाही नाहीत. मग मी विचारायचं सोडून दिलं."

माझ्या हातातला चहा तसाच होता. सहा वर्षं ज्या माणसाचं धाडस झालं नव्हतं ते त्या दोन दिवसांत झालं होतं. संध्याकाळपर्यंत टिकलं असतं. पण त्याआधी मी माझ्या दोन लेकरांची शपथ घेऊन बसलो होतो, आणि माझी शपथ खोटी पाडून दाराबाहेर पडणाऱ्यांतला तो माणूस नव्हता.

"तुम्हाला माहीत असेल, मास्तर," तो विचारत होता, "का नाही आले हो फादर?"



"मी येऊ दिलं नाही," मी म्हटलं.

त्याला ते समजलं नाही. चहा गार झालाय, दुसरा सांगू का, असं तो विचारत राहिला.